महबूल्यात तुडवलेली द्राक्षं

दोना अदेलाइद आता चालायच्या नाहीत, असं त्यांच्या मुलानं ठरवून टाकलं होतं, आणि त्यांनी स्वतः तर त्याच्याही आधी. राहता राहिली अक्षदा. आडमुठ्या माणसांना चालतं करणं हीच तिची नोकरी होती. त्यात ती नाशिकची, तीन भावांच्या पाठीवर झालेली, त्यामुळे 'नाही' हा शब्द तिला पहिल्या फटक्यात ऐकूच येत नसे.

तसं बाईंच्या दुखण्यात आता काही राहिलं नव्हतं. पोर्तुगालहून नाताळासाठी मुलाकडे कुवेतला आल्या, महबूल्यातल्या समुद्राकाठच्या उंच इमारतीत राहिल्या, आणि न्हाणीघराच्या गुळगुळीत फरशीवर घसरून खुब्याचं हाड मोडून बसल्या. मुलगा दुआर्त तेल कंपनीत सल्लागार, तो कामावर गेलेला. संध्याकाळी तो घरी येईपर्यंत बाई तशाच फरशीवर पडून होत्या. हाका मारून मारून त्यांचा घसा बसला होता. पुढे ऑपरेशन झालं, हाड जुळलं, टाके सुकले. एक्स-रे तर असा देखणा आला की डॉक्टरांनी तो दोनदा उजेडात धरून पाहिला. फक्त बाई उभ्या राहायला तयार नव्हत्या. हाड जुळतं हो, पण फरशीची धास्ती कुठल्या एक्स-रेत दिसायची?

अक्षदा शेजारच्या एगैला भागातल्या एका क्लिनिकमध्ये फिजिओथेरपिस्ट होती. क्लिनिकचं काम आटोपलं की ती बाईंकडे यायची. तिचं घरही महबूल्यातच, दोन गल्ल्या मागे. बाई तिच्याशी गोड बोलत, पलंगावर पाय हलवून दाखवत, आणि उभं राहायची वेळ आली की भिंतीकडे तोंड फिरवत.

जून लागला तसं दुआर्तनं तिला दारातच थांबवलं. बिचारा रडवेला झाला होता.

"सप्टेंबरात आमच्याकडे द्राक्षांची खुडणी असते," तो म्हणाला. "आईनं जन्मात एक हंगाम चुकवलेला नाही. पण आमचं घर डोंगराच्या उतारावर आहे, सगळीकडे दगडी पायऱ्या. ती चालणार नसेल तर तिथे कशी ठेवू? पोर्तो शहरात एक वृद्धाश्रम बघितलाय. महिनाअखेर त्यांना हो की नाही ते कळवायचंय."

"आणि मळा?"

"विकू. तिच्याशिवाय तो बघणार कोण?"

अक्षदाला रागच आला. दुआर्तचा नव्हे, भिंतीकडे तोंड करून पडलेल्या त्या पाठीचा. आत गेल्या गेल्या तिनं मुद्दामच विषय काढला. म्हणाली, "द्राक्षं आमच्याकडेही होतात. नाशिकला. जगभर जातात आमची द्राक्षं."

पाठ हलली. "खायची द्राक्षं," बाई म्हणाल्या. त्यांचं इंग्रजी जुन्या घाटाचं होतं. दारू विकत घ्यायला येणाऱ्या इंग्रज व्यापाऱ्यांकडून त्या ते लहानपणी शिकल्या होत्या. "पातळ सालीची, बिनबियांची. त्यांना आम्ही द्राक्षं म्हणत नाही."

नाशिकच्या द्राक्षांना कोणी नावं ठेवली तर नाशिकचं माणूस ऐकून घेत नाही. अक्षदा कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "मग तुमची काय सोन्याची असतात का?"

बाईंनी कूस बदलली. महिनाभरात पहिल्यांदाच त्या आपणहून अक्षदाच्या बाजूला वळल्या, आणि बोलायलाच लागल्या. दोउरू नदीच्या काठचा त्यांचा मळा, त्यांच्या भाषेत किंता, दोनशे वर्षांहून जुना. दारावरच्या दगडात साल कोरलेलं, पण येणाऱ्या-जाणाऱ्यांचे हात लागून लागून त्यातले आकडे गुळगुळीत झालेले. तिथे पोर्ट नावाची गोड वाइन करतात, आणि त्यांच्या घरात ती अजूनही पायांनी करतात. दगडी हौद असतो, खोलीएवढा. त्याला लगार म्हणतात. खुडलेली द्राक्षं त्यात ओतायची आणि बायका-पुरुषांनी एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून, ओळीनं, मांड्यांपर्यंत द्राक्षांत उभं राहून ती तुडवायची. पहिले दोन तास कोणी बोलायचं नाही. एकजण डावा-उजवा पुकारतो आणि सगळी ओळ एका चालीनं पुढे सरकते. नंतर गळ्यात अडकवायची बाजाची पेटी वाजायला लागते आणि ज्याला हवं तसं त्यानं नाचावं.

"पण पायानं का? यंत्रं असतील ना आता?"

"यंत्राला बी आणि साल यांतला फरक कळत नाही, फील्या. बी फुटली की कडू होतं. पाऊल बी फोडत नाही." फील्या म्हणजे लेक, हे अक्षदाला एव्हाना ठाऊक झालं होतं. "मग रस आपला आपण उकळायला लागतो, चुलीवर न ठेवता. माझे वडील हौदाला कान लावून बसत. सगळी गोडी त्यानं खाऊन टाकायच्या आत त्याला थांबवायचं असतं. द्राक्षांचाच कडक अर्क ओतायचा, की थांबला. उरलेली गोडी मग कायमची. कधी थांबवायचं हे ज्याला कळलं, त्याचंच पोर्ट."

अक्षदाला त्या वाइनचं फारसं काही पडलं नव्हतं. तिच्या डोक्यात गुडघे घोळत होते. गुडघा उंच उचलायचा, पाऊल सावकाश खाली दाबायचं, भार एका पायावरून दुसऱ्यावर न्यायचा, आणि दोन्ही बाजूंनी माणसं धरलेली. म्हणजे आपण महिनाभर जी कसरत करून घेतोय तीच की ही!

"हौदात कधी घसरून पडलात?" तिनं विचारलं.

बाई हसल्या. "तिथे कसं पडणार? पडायला जागाच नसते."

घरी येऊन अक्षदानं नवऱ्याला द्राक्षांच्या तीन पेट्या आणायला सांगितल्या. उदय रिफायनरीत इंजिनीअर होता आणि स्वभावानं भित्रा, म्हणजे तो स्वतःला सावध म्हणायचा.

"पेशंटकडे द्राक्षं खायला नेतात गं. तुडवायला नेणारी तू पहिलीच," तो म्हणाला. "आणि या दारूबंदीच्या देशात? कोणी काही भलतं समजलं तर आपल्याला विमानात बसवतील, आणि ते सुट्टीवर नसेल."

"रस काढणं गुन्हा आहे का? गल्लोगल्ली ज्यूसची दुकानं आहेत."

"ते पायानं नाही काढत."

पण आणल्या त्यानं. इजिप्तची काळीभोर द्राक्षं, जाड सालीची, बियांची. बाळाला अंघोळ घालायचा प्लॅस्टिकचा टब अक्षदानंच घेतला. बाईंच्या पलंगाशी चादर अंथरून तिनं टब ठेवला, पेट्या ओतल्या, आणि बाईंना पलंगाच्या कडेला बसवून त्यांची पावलं साबणानं धुतली.

बाईंनी द्राक्षांकडे पाहिलं, मग अक्षदाच्या पायातल्या मोज्यांकडे. "तूपण ये. एकट्यानं कोणी तुडवत नाही."

इथे मात्र अक्षदा अडली. पुस्तकाला पाय लागला तरी हात लावून कपाळाला नेणारी ही पोर, तिनं खायच्या वस्तूत दोन्ही पाय घालायचे? आईनं पाहिलं असतं तर आठवडाभर बोलली नसती. बाई वाट पाहत होत्या. शेवटी अक्षदानं पाय धुतले, वाकून द्राक्षांना हात लावला, तो कपाळाला नेला, मनातल्या मनात माफी मागितली, आणि पलंगावर बाईंच्या शेजारी बसून पाय टबात सोडले.

"हे काय केलंस?" बाईंनी विचारलं. अक्षदानं सांगितलं. मग कष्टानं खाली वाकून त्यांनीही द्राक्षांना बोटं लावली आणि कपाळाला नेली.

इंग्रजीत लहान-थोर सगळ्यांना एकच 'यू', त्यामुळे कोणाच्या काही लक्षात आलं नाही, पण त्या क्षणापासून अक्षदाच्या मनातलं अहो-जाहो संपलं. दोना अदेलाइद तिची आजी झाली. तिनं तसं सांगूनही टाकलं. आजीला शब्द आवडला.

मग काय, रोजचाच उद्योग सुरू झाला. दोघी खांद्यावर हात टाकून एका टबात पाय घालून बसायच्या आणि आजी पुकारायची, "इश्केर्दा! दिरेइता!" डावा, उजवा. दिवसभर आजीच्या सोबतीला असणारी नूरबानू हैदराबादची. ती दारात उभी राहून तोंडात पदर कोंबून हसायची. आजीचे गुडघे छातीकडे यायला लागले. पोटऱ्यांत जोर आला. गाल जांभळे व्हायचे, आणि ते रसामुळे नव्हे. सुरकुतलेली, निळ्या शिरांची ती पावलं द्राक्षांत अशी ओळखीनं फिरायची की अक्षदाचे पाय त्यापुढे नवखे वाटायचे.

पण टब सरकवला, पाय पुसले, वॉकर पुढे ठेवला, "आता उभी राहा" म्हटलं, की आजीची नजर फरशीवर जायची आणि सगळा जोर कुठे पळायचा कोणास ठाऊक. नखं रुततील इतक्या जोरात ती अक्षदाचा हात धरायची. एकदा अर्धी उठली आणि परत बसली, आणि बसून रडली.

"नाही जमत, फील्या. जमिनीवर कोणी धरत नाही."

"मी धरते ना."

"तू घरी जातेस."

त्या संध्याकाळी घरी जाताना तिला आपल्या दोन गल्ल्यांचं अंतर पहिल्यांदाच बोचलं.

आता त्या रसाचं. खरं म्हणजे तो रोज टाकून द्यायचा. पण अन्न मोरीत ओतायचं नाही हे अक्षदाच्या घरात इतकं पक्कं होतं की तिचा हातच व्हायचा नाही. पायानं तुडवलेलं प्यायचंही नाही. मग ती तो झाकून खाली न्यायची आणि इमारतीपुढच्या कडुनिंबाच्या बुंध्याशी ओतायची. महबूल्यातल्या त्या झाडाचे असे लाड आयुष्यात कोणी केले नव्हते. गुरुवारी मात्र बाहेर जायला उदय खाली गाडीत ताटकळत होता आणि सारखा फोन करत होता. म्हणून तिनं रस सालींसकट लोणच्याच्या बरणीत भरला, तोंडाला स्वच्छ कापड बांधलं, बरणी स्वयंपाकघरात ओट्यावर ठेवली. रविवारी नेऊ म्हणाली आणि विसरली. बरणी दिसली की माणूस कापड बांधतो, आणि कापड बांधलं की निर्धास्त होतो. लोणच्याचं सगळं ज्ञान तिनं द्राक्षांवर चालवलं.

त्याच गुरुवारी संध्याकाळी स्वयंपाकघरातला एसी बंद पडला. दुआर्त शुक्रवार-शनिवार, सुट्टीच्या दोन्ही दिवशी, साइटवर अडकलेला. आणि नूरबानूनं बरणीला बोटसुद्धा लावलं नाही. कापड बांधलेल्या बरणीला दुसरीचा हात लागला की लोणचं बिघडतं, हे हैदराबादेतही ठाऊक असतं.

रविवारी अक्षदा आली तेव्हा नूरबानू पिशवी घेऊन जमियाच्या, म्हणजे सहकारी दुकानात निघाली होती. "बाजी, आपका अचार मैं छुई नहीं," तिनं जिन्यातूनच अभिमानानं सांगितलं. कसलं लोणचं, हे अक्षदाच्या डोक्यात शिरलंच नाही. तिच्या मनात महिनाअखेर होती. उद्या दुआर्त पोर्तोला कळवणार होता.

ती आजीच्या पायाला तेल लावत होती तोच खालून हारिसचा, म्हणजे इमारतीच्या रखवालदाराचा फोन आला. एसी दुरुस्त करायला माणसं आली आहेत, वर पाठवतोय. अक्षदा "पाठवा" म्हणाली.

"कुठल्या खोलीत येणार?" आजीनं विचारलं.

"स्वयंपाकघरात."

आजीनं डोळे मिटून नाकानं एक लांब श्वास घेतला. "मग आधी तुझी बरणी बघ. दोन दिवस मला वास येतोय. मी बोलले नाही. मला घरी असल्यासारखं वाटत होतं."

अक्षदा धावत आत गेली. स्वयंपाकघर भट्टीसारखं तापलेलं, आणि वास असा की डोळे मिटले असते तर आपण नदीकाठच्या त्या हौदापाशीच उभ्या आहोत असं वाटलं असतं. साली वर येऊन टोपी झाली होती, कापड फुगलं होतं, आणि आतून सारखं चुरचुर, चुरचुर ऐकू येत होतं. बघता बघता तिच्या डोळ्यांपुढे सगळं आलं. दुरुस्तीची माणसं, हारिस, पोलीस, क्लिनिक, उदयची नोकरी, आणि उदयचं ते तोंड. दारू! आपण दारू केली! तिनं गाठ ओढली आणि फेस भसकन वर उसळला, हातांवर, ओट्यावर, खाली. बरणी निसटली. ती तिनं पोटाशी कशीबशी धरली, पण ओट्यावरचं पातेलं दणकन खाली पडलं आणि ती जिवाच्या आकांतानं ओरडली, "आई गं!"

मग तिनं बरणी सिंकपाशी नेली. ओतायची. मोरी तर मोरी. देव क्षमा करो. पण एवढा वास नळीतून सगळ्या इमारतीत फिरेल ही नवी धास्ती.

"ओतू नकोस."

अक्षदानं वळून पाहिलं. दारात आजी उभी होती.

एक हात चौकटीवर, दुसरा नुसताच हवेत. अनवाणी, तेल लावलेल्या पावलांनी. चेहरा पांढराफटक. ती अक्षदाला नखशिखांत न्याहाळत होती, डोक्यापासून पायापर्यंत, पुन्हा पायापासून डोक्यापर्यंत. मग तिनं चौकट सोडली आणि ती फरशी ओलांडून पुढे आली. गुडघा उंच, पाऊल सावकाश, दाबून. डावा. उजवा.

"विस्तवावर ठेव," ती म्हणाली. "मोठ्या आचेवर. आपल्याकडे अर्क नाही, पण उष्णता त्याला थांबवते. आणि तुझ्याकडे वासाचं काही असेल तर टाक."

अक्षदानं रस पातेल्यात ओतला, गॅस भडकवला, साखर ओतली, हाताला लागल्या तेवढ्या वेलच्या ठेचून टाकल्या, दालचिनी टाकली, लवंगा टाकल्या. आजीनं ओट्याला पोट टेकून पळी हातात घेतली. रस उकळायला लागला आणि खिडक्या उघडेपर्यंत घरात कोणाच्या तरी लग्नाचा वास भरला. तोवर बेल वाजली.

एसीची दोन माणसं आली, शिडी लावून वर चढली. मागून हारिस. त्यानं पातेल्यात डोकावलं, नाक वर केलं.

"जाम," आजी करड्या आवाजात म्हणाली आणि पळीभर रस वर उचलून त्याला दाखवला. "माझ्या मुलासाठी."

हारिसला कौतुक वाटलं ते जामचं नव्हे. "ममा उभी आहे!" तो अक्षदाला म्हणाला. "माशाल्लाह!"

माणसं गेली. एसी घरघरायला लागला. अक्षदानं गॅस बारीक केला आणि दार लावून घेतलं. ती ओट्याला टेकली.

"आजी, तू आलीस कशी? वॉकर आत आहे."

आजी पळी फिरवत राहिली. मग म्हणाली, "तू ओरडलीस. काहीतरी पडल्याचा आवाज आला. मला वाटलं, तू पडलीस." तिनं पळी पातेल्याच्या कडेला टेकवली. "मी पडले होते तेव्हा कोणी आलं नाही, फील्या. खूप वेळ कोणी आलं नाही. तुझ्याकडे तरी कोणीतरी जायला हवं होतं. घरात दुसरं कोणी नव्हतं."

अक्षदा रडली. पेशंटसमोर रडायचं नसतं हे तिनं कॉलेजात दोनदा लिहून पास केलं होतं, तरी रडली, चिकट हातांनी तोंड झाकून. आजीनं तिला रडू दिलं. जामचं बघणं जास्त गरजेचं होतं.

मग आजीनं हात पुसला आणि फोन मागितला. दुआर्तला लावायला सांगितलं. त्या पोर्तुगीज बोलण्यातलं अक्षदाला पोर्तो हे गाव आणि 'नाही' एवढंच कळलं. नाही, नाही, नाही. पलीकडून दुआर्त मोठ्यानं काहीतरी विचारत होता, एकच प्रश्न, पुन्हा पुन्हा. आजीनं शेवटी फोन तोंडापासून लांब धरला आणि अक्षदालाही कळावं म्हणून इंग्रजीत सांगितलं, "विचारतोय, मला स्वयंपाकघरात कोणी आणलं."

आणि फोन परत तोंडाशी नेऊन म्हणाली, "कोणी आणलं नाही. मी आले."

पलीकडून एक मोठा माणूस रडायला लागल्याचा आवाज आला. आजीनं फोन बंद करून ओट्यावर ठेवला, गॅस विझवला, आणि दारापासून आपल्या खोलीपर्यंतच्या त्या चकचकीत फरशीकडे पाहिलं. आता कोणी ओरडलेलं नव्हतं. कोणी पडलेलं नव्हतं. नुसती फरशी होती.

"आता परत जायचंय," ती म्हणाली, "आणि मला भीती वाटतेय."

"वॉकर आणू?"

आजीनं मानेनंच नको म्हटलं. ओटा सोडला. अक्षदा तिच्या शेजारी उभी राहिली, हात न लावता, आणि तिनं वाट पाहिली. बऱ्याच वेळानं आजीचा डावा गुडघा वर आला.